मार सोसायला शिकता येतं का?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या ओट्यावरून 'हुप्प', 'हुप्प' असा आवाज येऊ लागला. मुलं खेळत असतील म्हणून आधी दुर्लक्ष केलं. पण आवाज थांबेना, तेव्हा पिठाच्या हातांनीच बाहेर आले. बघते तर काय, नववीतली माझी लेक फरशीवर उताणी पडलेली आणि धाकटे चिरंजीव उभे राहून तिच्या पोटावर गोळा टाकताहेत! जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून दोघांनी तो तयार केला होता.

"अगं, काय चाललंय हे?" मी ओरडलेच.

"आई, ओरडू नकोस ना. पोट घट्ट करतेय. बॉक्सिंगवाले असंच करतात. मार खायची सवय करावी लागते!"

मार खायची सवय! तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून रात्रभर जाईना.

आमचं नेवासं म्हणजे माउलींचं गाव. ज्या खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब इथलाच. मर्दानी खेळ म्हणाल तर आमच्या भागात कुस्तीच. गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो, हलगी वाजू लागली की म्हातारी माणसंसुद्धा धोतर सावरत तिकडे धावतात. मुष्टियुद्ध मात्र आमच्या घराला नवीन. शाळेतल्या खेळाच्या सरांनी लेकीचे लांब हात आणि चपळ पाय पाहिले नि तिचं नाव बॉक्सिंगसाठी काढलं. तेव्हापासून घरात रोज खल. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोरीचं नाक फुटलं तर उद्या तिला करून कोण घेईल?" आमचे हे म्हणतात, "खेळू दे की." आणि मी मधल्या मधे!

खरं सांगू, मला नाकाची धास्ती नव्हती, डोक्याची होती. म्हणून ठरवलं, आधी नीट समजून घ्यायचं. डॉक्टरांना विचारलं, सरांना विचारलं, तरुणपणी आखाडा गाजवलेल्या मामंजींना विचारलं आणि मिळेल ते वाचून काढलं. प्रश्न एकच होता, मार सोसायला माणूस खरंच शिकू शकतो का? उत्तर मिळालं ते असं: अंगाला शिकवता येतं, डोक्याला नाही. आता जरा विस्तारानं सांगते.

पोटाचं गणित

पोटावर पुढून नि बाजूंनी स्नायूंचे पडदे असतात. व्यायामानं ते जाड नि चिवट होतात. ठोसा येताना ते आवळले आणि त्याच क्षणी श्वास थोडा सोडला, की आतल्या अवयवांपर्यंत मार कमी पोचतो. मुष्टियोद्धे पोटावर जड चेंडू झेलतात तो याचसाठी. त्यांना ऐन वेळी पोट आवळायची सवय लागते, आणि मार बसला तरी घाबरून श्वास कोंडत नाही. म्हणजे लेकीचं अगदीच चुकत नव्हतं. फक्त हा व्यायाम आधी महिनोन् महिने पोट कमावून, हलक्या चेंडूनं आणि जाणत्या माणसासमोर करायचा असतो. वाळूचा गोळा आणि सहावीतला भाऊ घेऊन नव्हे!

यालाही मर्यादा आहे बरं का. उजव्या बरगड्यांखाली यकृत असतं. तिथे नेमका ठोसा बसला, तर भलाभला कसलेला गडी क्षणभरानं गुडघ्यावर येतो. शुद्ध असते, पण उठता येत नाही.

आणि पोट आवळायला वेळच मिळाला नाही तर? हॅरी हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार 'माझ्या पोटात कितीही जोरात मारा' अशी फुशारकी मारायचा. ऑक्टोबर १९२६ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात तो कोचावर पडलेला असताना एका विद्यार्थ्यानं त्याच्या पोटात ठोसे लगावले. त्याला सावरून बसायलाही सवड मिळाली नाही. थोड्याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, तो गेला. त्याचं अपेंडिक्स फुटून पोटभर विष पसरलं होतं. ते ठोशांनीच फुटलं की आधीपासून दुखणं होतं आणि ठोशांच्या दुखण्यात ते झाकून गेलं, याबद्दल डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. पण एक धडा पक्का, तयारीत असलेलं पोट वेगळं आणि बेसावध पोट वेगळं.

डोक्याचं गणित निराळं

आता डोक्याकडे येऊ. आपला मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, मऊ, आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. ताक घुसळून झाल्यावर लोण्याचा गोळा आपण पाण्यात ठेवतो ना, तसंच समजा. डबा कितीही भक्कम असू दे, तो एकदम गर्रकन फिरवला तर आतला गोळा मागे राहतो, मुरडतो, कडेला आपटतो. डबा शाबूत नि लोणी विसकटलेलं!

हनुवटीवरच्या ठोशानं माणूस का कोसळतो, ते यातून कळतं. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो, म्हणून थोड्या जोरात एवढी जड तळी फिरते. हनुवटी म्हणजे डोक्याच्या जात्याचा खुंटाच. तिथे बाजूनं फटका बसला की डोकं झटकन फिरतं, मेंदूला पीळ बसतो आणि शुद्ध हरपते. लोक म्हणतात, 'अमक्याची हनुवटी लोखंडाची'. पण हाडाच्या टणकपणाचा इथे फारसा संबंध नाही. डोकं किती वेगानं फिरतं, यावर सगळं अवलंबून.

मग डोकं कमी फिरावं म्हणून काही करता येतं का? येतं. चार गोष्टी सांगते.

पहिली, मान. मामंजी म्हणाले, "पैलवानाची ओळख कानावरून नि मानेवरून." तालमीत मातीवर डोकं टेकवून अंगाची कमान करतात, जोडीदार मान दाबतो आणि आपण ती उचलायची, असे कितीतरी व्यायाम आहेत. मान भक्कम असली की डोकं धडाशी बांधलेलं राहतं, झटका कमी बसतो. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंच्या मानेचा जोर मोजून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ६,७०० मुलं-मुली होती. मानेचा जोर एका पौंडानं, म्हणजे साधारण अर्ध्या किलोनं जास्त असला, की मेंदूला हादरा बसण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसली. ही मुलं फुटबॉल, बास्केटबॉलसारखे खेळ खेळणारी होती, बॉक्सिंगची नव्हेत, तेव्हा त्यावरून हुरळून जायचं नाही. पण मुलींची मान मुलांपेक्षा बारीक असते आणि सारख्याच खेळात मुलींना असे हादरे जास्त बसलेले आढळतात. म्हणून मुलीच्या आईनं ही गोष्ट गाठीशी बांधावी.

दुसरी, नजर. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकला की कसा दचका बसतो! तीच पायरी उजेडात दिसली असती तर काही झालं नसतं. ठोशाचंही तसंच. दिसलेल्या ठोशाला मान आपोआप आवळते, न दिसलेलाच माणसाला लोळवतो. म्हणून डोळे उघडे ठेवायला शिकवतात. डोळे न मिटणं हीसुद्धा कमावण्याचीच गोष्ट आहे बरं.

तिसरी, ठेवण. हनुवटी छातीकडे, खांदा वर, मुठी गालाशी, दातांत रबरी कवच घट्ट धरलेलं. ठोसा ज्या दिशेनं जातोय, त्याच दिशेनं डोकं थोडं वळवायचं. क्रिकेटमध्ये चेंडू झेलताना हात मागे घेतो ना, तसं.

चौथी, दम. दमलेल्या माणसाच्या मुठी खाली येतात, मान ढिली पडते आणि मग साधा ठोसाही भारी पडतो. पहाटेचं धावणं त्यासाठी.

डोक्यावरच्या गाद्यांच्या टोपीचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तिनं भुवई फुटणं, कान सोलवटणं कमी होतं. पण आत मेंदू फिरायचा तो फिरतोच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष तिच्याविना लढले, पॅरिसमध्ये २०२४ साली बायकांच्या डोक्यावर ती होती. घालावी, पण 'टोपी आहे, आता काळजी नाही' असं मुळीच समजू नये.

मेंदूला घट्टे पडत नाहीत

आता महत्त्वाचं. पाटा-वरवंटा चालवून हाताला घट्टे पडतात, मग हात दुखत नाहीत. अनवाणी चालून टाचा टणक होतात. मेंदूला मात्र असले घट्टे पडत नाहीत. तो मारानं कणखर होत नाही, उलट हळवा होतो. एकदा हादरा बसला आणि तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर दुसरा हलका असूनही जास्त नुकसान करतो. क्वचित तो जिवावरही बेततो. म्हणूनच स्पर्धेत डोक्यावर मार बसून पडलेल्या खेळाडूला निदान ३० दिवस सक्तीची विश्रांती देण्याची पद्धत आहे.

न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ साली लिहून ठेवलं, की वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेले मुष्टियोद्धे पुढे अडखळत चालतात, त्यांची जीभ जड होते, ते विसरभोळे होतात. लोक त्यांना दारू प्यायलेले समजत. पुढच्या काळातल्या डॉक्टरांना तर असं दिसलं, की एकदाही बेशुद्ध न पडलेल्या खेळाडूचंही नुकसान होऊ शकतं. छोट्या छोट्या हादऱ्यांची बेरीज होत जाते. आणि हे हादरे स्पर्धेपेक्षा रोजच्या सरावातच जास्त बसतात. म्हणून आताचे जाणते प्रशिक्षक सरावात डोक्यावरचे जोरदार ठोसे मोजून-मापूनच देऊ देतात.

महंमद अलीचं नाव आपल्याकडे कोणाला माहीत नाही? ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर तो दोरांना टेकून उभा राहिला, मार अंगावर घेत राहिला आणि फोरमन दमल्यावर आठव्या फेरीत त्यानं त्याला आडवा केला. मार सोसून जिंकण्याची ही अजब लढत जगानं डोक्यावर घेतली. पण सरावातही तो तसाच मार अंगावर घ्यायचा. १९८१ ला तो शेवटचं लढला आणि १९८४ ला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याला कंपवाताचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण इतकं भराभर बोलणारा माणूस पुढे शब्दाशब्दाला अडू लागला, हे सगळ्यांनी पाहिलं.

आपल्या मातीतली माणसं

यावरून 'नकोच तो खेळ' असं म्हणावंसं वाटेल. थांबा. दुसरी बाजूही पाहू.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात मुष्टियुद्ध. १९६५ च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. ठोसे मारणं संपलं. त्यांनी पाणी जवळ केलं आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलंच. २०१८ ला पद्मश्री मिळाली, २०२४ ला त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मला वाटतं, सोसणं याला म्हणावं. त्याच जागी उभं राहून मार खात राहणं नव्हे, पडल्यावर नवी वाट धरून उठणं.

मुलींचं म्हणाल, तर नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ साली पोलंडमध्ये युवा जगज्जेतेपद मिळवलं. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि २००८ ला ती पुन्हा जगज्जेती झाली. एकूण सहा वेळा. तिची लढत जरूर पाहा. मार सोसण्यापेक्षा मार चुकवण्यावरच तिचा सगळा भर. सर मला म्हणाले ते पटलं, "बाई, चांगला बॉक्सर तोच, ज्याला लागत नाही."

आणि एक आपल्यातलं

लिहायचं ठरवलं तेव्हा हा भाग मनात नव्हता. पण डॉक्टरांशी बोलताना मला एक पालक-सभा आठवली. एका विद्यार्थ्याची आई आली होती. पदर पार कपाळापर्यंत ओढलेला, खाली डोळा काळानिळा. मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "सवय झालीया बाई आता. काही वाटत नाही." जाताना छत्री विसरली, परत आली, पुन्हा पिशवी विसरली. "हल्ली काही ध्यानातच राहत नाही बघा," म्हणून स्वतःशीच हसली. तेव्हा मीही हसले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं, 'बाईच्या जातीनं सोसायला शिकावं.' बॉक्सिंगच्या रिंगणात पंच असतो, घंटा असते, समोरचा आपल्याच वजनाचा असतो आणि पडल्यावर महिनाभर सुट्टी मिळते. घरात मार खाणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? मेंदूला 'आपलं माणूस' आणि 'परकं माणूस' कळत नाही, त्याला फक्त हादरा कळतो. सारखं डोकं दुखणं, झोप न लागणं, विसरायला होणं, चक्कर, चिडचिड यामागे डोक्यावर बसलेला मारही असू शकतो. डॉक्टरांकडे गेलात तर 'पाय घसरून पडले' म्हणू नका. खरं सांगितलंत तरच उपचार नीट होतील.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर आहेत. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे बाईला वकील फुकट मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे स्वतःसाठी लागलं नाही तर फारच चांगलं. पण शेजारणीसाठी माहीत असू द्या.

मुलांच्या बाबतीतही तेच. रागाच्या भरात कानशिलात लगावताना कानाचा पडदा फाटू शकतो. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदीच आहे. घरातही तो हात आवरायला हवा. मी माझा आवरायला शिकतेय.

डोक्याला मार लागला तर

खेळताना असो, गाडीवरून पडून असो, एवढं लक्षात ठेवा.

– त्या दिवशी पुन्हा खेळायला सोडू नका, 'बरं वाटतंय' म्हणालं तरी.
– वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणं, झटका येणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, एक बाहुली मोठी दिसणं, कान-नाकातून पाणी किंवा रक्त येणं, गुंगी वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं की तडक दवाखाना गाठा.
– बेशुद्ध झालं नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका.
– डोकं चोळणं, रगडणं, मान मोडणं नको. आपल्या मनानं गोळ्या देऊ नका.
– पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी. मग हळूहळू शाळा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच खेळ.

मुलगा-मुलगी बॉक्सिंगला जाणार असेल, तर सरांना हेही विचारा. पहिले काही महिने नुसतं पाय, तोल नि बचाव शिकवणार का? सरावात डोक्यावर मारायला कधी नि किती परवानगी देणार? जोडीदार सारख्याच वजनाचा असेल ना? स्पर्धेत डॉक्टर हजर असतील ना? आणि मार लागला तर घरी कळवणार ना? या प्रश्नांना हसून उडवून लावणारा माणूस असला, तर शिकवणी बदला.

आमच्या घरचा निकाल

लेकीला होकार दिला, पण अटींवर. वाळूचा गोळा बाद. डोकं दुखलं, गरगरलं तर त्याच दिवशी मला सांगायचं, स्पर्धा तोंडावर असली तरी. आणि आठवड्यातून तीन दिवस मामंजींकडे मानेचा व्यायाम. मामंजी एकदम खूश! गुडघे दुखतात म्हणून एरवी खाटेवरून न हलणारे, आता पहाटे तिच्याआधी उठून बसतात. सासूबाईंची कुरकुर चालूच आहे, पण परवा त्याच तिच्यासाठी दुधात बदाम वाटून घालताना दिसल्या. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एक अट मात्र मी सगळ्यात शेवटी सांगितली. म्हटलं, "बाळे, मार चुकवायला शीक, अडवायला शीक, पडलीस तर उठायला शीक. पण मार खायची सवय मात्र करू नकोस. रिंगणात नको, आणि पुढे कुठल्याच घरात नको."

तिला किती कळलं कोण जाणे. "बरं," म्हणाली आणि पळायला गेली.